गोल टोकाची उधारी

माझ्या फ्लॅटचा निम्मा हप्ता जाड, गोल टोकांच्या अक्षरांनी फेडलाय, असं मी सांगते तेव्हा ऐकणाऱ्याला ती थट्टा वाटते. पण हिशेब खरा आहे. चिक्कीची पाकिटं, बालवाडीची भित्तिपत्रकं, आंब्याच्या पेट्या, लहान मुलांच्या पुस्तकांची मुखपृष्ठं, ताकाची पिशवी. माझ्याकडे येणारी बरीचशी कामं ह्याच वळणाची असतात. गिऱ्हाईक फोनवर "मॅडम, जरा क्यूट फॉन्ट घ्या" म्हणतं आणि त्याला काय हवंय ते मला लगेच कळतं. भरल्या अंगाचं, कुठंही न टोचणारं, सेरिफच्या शेपट्या नसलेलं, रस्त्यापलीकडून ओळखू येणारं अक्षर.

आमच्या धंद्यात ह्या अक्षराला प्रतिष्ठा नाही. बोरूच्या कटावर तासभर रंगून बोलणारी माणसं ह्याचा विषय निघाला की हसतात आणि "ते खाऊच्या पुड्यावर ठीक आहे" म्हणून पुढं जातात. खाऊच्या पुड्यावर ते ठीक आहेच. पण तिथं ठीक दिसण्यासाठी त्याला काय काय करावं लागतं, हे मला फार लहानपणी जवळून बघायला मिळालं. ते दाखवणाऱ्या माणसाचं देणं माझ्या डोक्यावर आहे. आणखी काही देणी अशा माणसांची आहेत, ज्यांना मी कधी भेटलेलेही नाही.

सांगलीत हरिपूर रस्त्याला आमचं घर. समोर पत्र्याचं शेड आणि शेडमध्ये अण्णा. नात्यानं कुणी नव्हेत. सगळी गल्लीच त्यांना अण्णा म्हणायची. बोर्ड रंगवणं हा धंदा. हळदीच्या पेढ्या, पतसंस्था, पिठाच्या गिरण्या, ट्रकांच्या मागच्या फळ्या, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, दुधाच्या कॅनवरचे नंबर. जे म्हणाल ते. विष्णुदास भावे नाट्यमंदिरात नाटक लागायचं असलं की त्याचा फलकही कधीकधी त्यांच्याकडे यायचा. तेव्हा ते मुंबईच्या वर्तमानपत्रातली जाहिरात कापून समोर ठेवत. नाटकाचं शीर्षक बहुधा कमल शेडग्यांनी काढलेलं असायचं. अण्णा ते चौकटी आखून मोठं करत आणि करताना स्वतःशीच बोलत, "ह्या माणसाचा हात बघ. अक्षर वाचायच्या आधी नाटक कळतंय." शेडग्यांना हे कधी कळलं नसणार. ते 2020 साली गेले तेव्हा अण्णांचा फोन आला. बोलले काहीच नाहीत. "पेपर बघितलास का," एवढंच विचारलं.

शाळेच्या सुट्टीत मी त्या शेडमध्ये जाऊन बसायची. आईला ते आवडत नसे. रंगाचा वास, रॉकेलचे हात, येणारे-जाणारे ड्रायव्हर. तेव्हा काकू, म्हणजे अण्णांच्या मंडळी, मध्ये पडल्या. "माझ्या डोळ्यांसमोर बसती की ओ पोर," असं आईला सांगून त्या माझ्या जामीन राहिल्या. चहाही त्याच द्यायच्या. माझ्या अक्षरज्ञानाचं खातं कुणाच्या नावावर आहे असं कुणी विचारलं, तर पहिली सही काकूंची आहे. त्यांना स्वतःला सहीपुरतंच लिहिता यायचं.

अण्णांकडं अक्षराच्या तीन-चार जाती होत्या. वकील आणि डॉक्टरांना कोरीव, टोकदार. सहकारी संस्थांना चौकोनी, उभट. मिठाईवाल्याला सावली दिलेलं, दोन रंगांचं. आणि शाळा, बालवाडी, दवाखान्यातलं लसीकरणाचं वेळापत्रक, गिरणीवरचं "दळण संध्याकाळी सहानंतर मिळणार नाही" ह्यांना गोल टोकाचं जाड अक्षर. मी कारण विचारलं होतं. ते म्हणाले, "ही वाचणारी माणसं सावकाश वाचत्यात. त्यांनी पाटीवर जे गिरवलं तसलंच अक्षर द्यायचं."

त्यावेळी मला त्यात विशेष काही वाटलं नाही. पण ते अगदी बरोबर आहे. पाटीवरच्या पेन्सिलीची किंवा खडूची रेघ जिथं थांबते तिथं टोक गोलच उमटतं, आणि रेघ सगळीकडं सारख्याच जाडीची राहते. आपल्या लिपीचं पुस्तकी रूप बोरूतून आलं. तिरक्या कापलेल्या बोरूनं एका दिशेची रेघ जाड पडते, दुसऱ्या दिशेची बारीक, आणि प्रत्येक टोकाला तो तिरपा काप दिसतो. पण मराठी माणूस अक्षराला पहिल्यांदा भेटतो तो पाटीवर, बोरू त्याच्या हातात सहसा येतच नाही. गोल टोकाचं जाड अक्षर म्हणजे पाटीवरचं तेच अक्षर, अंग भरून आलेलं.

गंमत अशी की पेन्सिलीला जे फुकट मिळतं ते ब्रशला महागात पडतं. अण्णांचा ब्रश चपटा. चपट्या ब्रशनं काना ओढला की खाली सरळ, चौकोनी टोक आपोआप मिळतं, एका ओढीत काम होतं. गोल टोकाला तीन ओढी लागतात. आधी काना ओढायचा तो रेघेच्या अलीकडंच थांबवायचा. मग ब्रशच्या कोपऱ्यानं डावीकडून एक वळण, उजवीकडून एक, आणि दोन्ही मध्ये येऊन अशी मिळवायची की सांधा दिसता कामा नये. सुरुवातीला वळण सारखं यावं म्हणून अण्णा नाणी वापरत. शेडच्या खिडकीत एका झाकणात चार आणे, आठ आणे, रुपया अशी नाणी ठेवलेली असायची. अक्षराची जाडी जेवढी, तेवढ्या व्यासाचं नाणं. ते टोकावर ठेवून खडूनं अर्धं वर्तुळ आखायचं. माझं काम नाणं धरून ठेवायचं. आणि नाणं रेघेवर बरोबर टेकवायचं नाही, केसभर खाली सरकवायचं. गोल टोक रेघेला नेमकं टेकलं तर डोळ्याला ते आखूड वाटतं. थोडं बाहेर गेलं की बरोबर वाटतं. हेच पुढं फॉन्टच्या पुस्तकात मला मोठ्या नावानिशी वाचायला मिळालं.

तसंच शिरोरेखेचं. आडवी आणि उभी रेघ एकाच जाडीची काढली तर आडवी नेहमी जास्त जाड दिसते. म्हणून शिरोरेखा कान्यापेक्षा थोडी बारीक ठेवायची. हे अण्णांनी कधी समजावून सांगितलं नाही. मी सारख्या जाडीनं काढली तेव्हा त्यांनी लांब उभं राहून बघायला लावलं आणि "डोक्यावर ओझं घेतल्यागत दिसतंय का न्हाई?" एवढंच विचारलं.

पण खरी मेख टोकात नव्हती. अण्णा जाड अक्षर रंगवून झालं की बोर्ड उलटा करून भिंतीला टेकवत. डोकं खाली, पाय वर. उलटं अक्षर वाचता येत नाही, त्यामुळं नजर आपोआप काळ्यावरून निघून मधल्या मोकळ्या जागेवर जाते. "काळं काय, कुणीबी भरंल," ते म्हणत, "आतलं पांढरं राखाया येतंय का ते बघायचं."

देवनागरीत हे सोपं नाही. रोमन लिपीला वर-खाली मोकळं आकाश असतं. आपल्याकडं वर शिरोरेखा, तिच्यावर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार. खाली उकार, आणि मध्ये जोडाक्षरं. त्यातच रेघ जाड करायची म्हटलं की ती वाढणार कुठं? आतल्या बाजूला. 'क'ची दोन पोटं बुजतात. 'ष'च्या पोटातली तिरकी रेघ पोट भरून टाकते. 'ब' आणि 'व' जुळे होतात. सगळ्यांत नाजूक जागा म्हणजे 'ध' आणि 'भ' ह्यांच्या डोक्यावरची फट. शिरोरेखा तिथं तुटते म्हणून 'ध'चा 'घ' होत नाही आणि 'भ'चा 'म' होत नाही. जाड अक्षरात ती फट राखायची तर आजूबाजूचं सगळं थोडं थोडं सरकवावं लागतं. पोट किंचित खाली, काना किंचित उजवीकडं, गाठ लहान. एक फट वाचवायला अख्खं अक्षर हलतं.

ह्याचा पुरावा मला पुढं नोकरीत मिळाला. नव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत फ्लेक्स आलं आणि बघता बघता रंगवलेले बोर्ड उतरले. अण्णा फुटावर पैसे घेत, फ्लेक्सवालाही फुटावरच घेई. फरक असा की फ्लेक्स संध्याकाळी मिळायचं. शेडमधलं काम आटत गेलं. मी तोवर एका फ्लेक्सच्या दुकानात ऑपरेटर म्हणून लागले होते. त्यात बेइमानी वाटायची का? वाटायची. पण अण्णांनीच दुकानदाराला "पोरीला अक्षर कळतंय" म्हणून शब्द टाकला होता, हेही खरं.

दुकानात कोरल ड्रॉ होतं आणि डोंगल लावून चालणारी श्री-लिपी. शीर्षकाचे मराठी फॉन्ट होते तसे बरेच, पण जाड, गोल आणि तरीही मोकळं असं हाताशी नव्हतं. त्यामुळं सगळे ऑपरेटर एकच युक्ती करायचे. साधं अक्षर घ्यायचं, एफ-बारा दाबायचं, आउटलाइन पेन उघडलं की अक्षराच्याच रंगाची जाड कडा द्यायची आणि कोपऱ्यांसाठी 'राउंड' निवडायचं. दहा सेकंदांत अक्षर जाडही होतं आणि गोलही. गिऱ्हाईक खूश. फक्त कडा जेवढी बाहेर वाढते तेवढीच आत वाढते, आणि यंत्राला 'ध'ची फट म्हणजे काय ते ठाऊक नसतं. बाजारात एक "धान्य भांडार" असं उभं राहिलं होतं की रस्त्यापलीकडून "घान्य मांडार" वाचायला यायचं. ते फ्लेक्स पुढच्या दिवाळीपर्यंत तसंच होतं आणि दुकान व्यवस्थित चाललं. म्हणजे अक्षर चुकलं म्हणून कुणाचं गहू-तांदूळ अडत नाही, हेही मी प्रामाणिकपणे नोंदवते.

तरी माझा हात ऐकेना. मी कडा देऊन झाली की अक्षराचे वक्र करायची, एकेक बिंदू पकडून फटी उघडायची, पोटं मोकळी करायची. एका शब्दाला अर्धा तास. मालक तणतणायचा. त्याचंही बरोबर होतं, बाहेर निवडणुकीचे उमेदवार रांगेत उभे असायचे.

ह्या अक्षराची वंशावळ पुढं पुण्यात आल्यावर मी हौसेनं चाळली. अमेरिका-युरोपात गोल टोकाची अक्षरं बऱ्याचदा हत्याराच्या सोयीतून आलेली दिसतात. यंत्राच्या पाटीवर अक्षर कोरणारं पातं गोल फिरतं, त्यामुळं कोरलेल्या रेघेचं टोक गोलच निघतं. गॉर्टन नावाच्या कोरणीयंत्रांची अक्षरं ह्याच घराण्यातली. आमच्याकडं साखर कारखान्याच्या कंट्रोल पॅनेलवर काळ्या पाटीवर पांढऱ्या बारीक अक्षरांत मोटारींचे नंबर कोरलेले असत, ती ह्याच जातीची. 1970 साली लेट्रासेटनं फ्रँकफर्टर नावाचा टाइप काढला, बॉब न्यूमनचा. जाडजूड आणि नावाप्रमाणंच सॉसेजसारखा. 1979 च्या सुमारास फोक्सवॅगन समूहानं आपल्या विक्रेत्यांसाठी व्हीएजी राउंडेड करवून घेतला. तो पुढं कुठं जाऊन बसला? अॅपलच्या कीबोर्डवर. कित्येक वर्षं जगभरातली माणसं त्या गोल टोकांवर बोटं आपटत होती आणि त्या अक्षराला नाव असतं हेही त्यांच्या गावी नव्हतं.

ह्यातून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि ती मला कुठं लिहिलेली सापडली नव्हती. गोलपणा म्हणजे मऊपणा नव्हे. कंट्रोल पॅनेलवरची ती बारीक, गोल टोकांची अक्षरं अगदी कडक दिसतात, इन्स्पेक्टरसारखी. तेच टोक जाड रेघेला आलं की अक्षर लाघवी होतं. म्हणजे लाघव टोकात नाही. जाडी, टोक आणि आतलं थोडकं पांढरं ह्यांच्या आपसातल्या प्रमाणात आहे. प्रमाण बिघडलं की तेच अक्षर सुजल्यासारखं दिसतं.

मग 2016 साली बालू आला.

गूगल फॉन्ट्सवर एके दिवशी नवीन काय आलंय बघत होते, तर हे अस्वल दिसलं. नाव 'जंगल बुक'मधल्या अस्वलावरून. करणारे मुंबईचे, 'एक टाइप' नावाचा अक्षररेखाटनकारांचा गट. मी फॉन्ट उतरवून घेतला आणि पहिला शब्द टंकला तो अर्थातच "धान्य भांडार". दोन्ही फटी शाबूत. मी खुर्चीतच हसले. कागदावर छापून, उलटा करून भिंतीला लावला. आतलं पांढरं जागच्या जागी होतं.

बालूचं अक्षर नीट निरखण्यासारखं आहे. त्याची टोकं नाण्यानं आखल्यासारखी पुरती अर्धगोल नाहीत. कोपरे तेवढे मऊ केलेत, त्यामुळं ते खाऊच्या पुड्यावर लाडिक दिसलं तरी ढेपाळत नाही. रोमन अक्षरांत खांब आणि कमान जिथं मिळतात तिथलं बाहेर डोकावणारं टोक काढून टाकलंय, एकातून दुसरं सरळ उमलतं. रेघ जाड आहे पण सगळीकडं सारखी जाड नाही. जिथं दोन रेघा भेटतात तिथं ती अंग चोरते आणि उजेडाला वाट देते. सुरुवातीला एकच जाड वजन होतं. नंतरच्या 'बालू 2' मध्ये साध्यापासून अतिजाडपर्यंत पाच वजनं आली, त्यामुळं शीर्षकाखालची ओळही आता त्याच घरातली घेता येते. ह्याच गटाचा 'मोदक' तर आणखी पुढं गेलाय. त्यात पांढरं इतकं कमी की आत नुसत्या चिरा उरतात, आणि तरी वाचता येतं. मोदक मी जपून वापरते, गणपतीत आणि आइस्क्रीमला. चार अक्षरांपलीकडं तो झेपत नाही.

पण बालूचं माझ्यावरचं खरं ऋण मराठीपुरतं नाही. आमच्या सांगली जिल्ह्यात जत तालुक्यात कन्नड बोलणारी कितीतरी गावं आहेत. पलीकडं अथणी. त्यामुळं दोन लिप्यांचे बोर्ड आम्हाला नवे नाहीत. अण्णांना कन्नड वाचता येत नसे. व्यापारी चिठ्ठीवर लिहून आणायचा आणि अण्णा त्या चिठ्ठीवरून बोर्डावर काढायचे. तरी त्यांच्या बोर्डावर मराठी आणि कन्नड ओळी सख्ख्या वाटत, कारण ब्रश तोच, जाडी तीच, टोक वळवायची सवय तीच. कॉम्प्युटर आल्यावर हे नातं तुटलं. मराठी एका कंपनीच्या फॉन्टमध्ये, कन्नड दुसऱ्याच्या. एक ओळ धष्टपुष्ट आणि दुसरी उपाशी. मी आरोग्याच्या पत्रकांवर काम करू लागले तेव्हा हे फार बोचायचं. पत्रक हातात घेणाऱ्या बाईला वाटावं, तिची भाषा शेवटी उरलेल्या जागेत घातलीय.

बालू रोमनसकट दहा-एक लिप्यांत आला, आणि प्रत्येकाला त्या मुलखातल्या भावाचं नाव. गुजराती तो बालू भाई, उर्दू बालू भाईजान, ओडिया बालू भैना, बंगाली बालू दा, गुरुमुखी बालू पाजी, मल्याळम बालू चेट्टन, तमिळ बालू तंबी, तेलुगू बालू तम्मुडू आणि आमच्या शेजारचा कन्नड बालू तम्मा. हे भाऊ काढणारे हात वेगवेगळे होते. म्हणजे अण्णांचा एक ब्रश जे करायचा, ते इथं निरनिराळ्या हातांनी एकमेकांशी बोलून, मोजून, खोडून केलं. आणि प्रत्येक लिपीची अडचण वेगळी. कन्नड-तेलुगू मुळातच गोलाकार, त्यांना जाड केलं की वेटोळी बुजतात. तमिळला कोपरे आहेत, ते मऊ करायचे पण घालवायचे नाहीत. गुरुमुखीला आपल्यासारखीच डोक्यावर रेघ, गुजरातीला ती नाही. मग गुजरातीची ओळ मराठीच्या शेजारी तोकडी दिसू नये ह्याची काळजी. ह्या सगळ्यांचा काळेपणा डोळ्याला सारखा यावा, ही त्यातली खरी मेहनत. जतच्या पत्रकावर मी पहिल्यांदा बालू आणि बालू तम्मा शेजारी ठेवले तेव्हा त्या दोन ओळी पुन्हा सख्ख्या झाल्या.

एवढं करून त्यांनी ते वाटून टाकलं. ओपन फॉन्ट लायसन्स, म्हणजे वापरा, छापा, पाकिटावर घाला, हवा तर बदला. नुसता फॉन्ट तेवढा सुटा विकू नका. श्री-लिपीचं डोंगल हरवलं तर पगारातून कापतील म्हणून ड्रॉवरला कुलूप लावणारी मी. मला हे पचायला वेळ लागला. आज गल्लीतला ऑपरेटरही फोनवरून बालू उतरवून घेतो, त्याला अर्धा तास बिंदू ओढत बसावं लागत नाही. मला ह्याचा हेवा वाटतो, थोडासा.

फुकट मिळाल्याचा दुसरा परिणामही झाला. बालू कुठंही दिसू लागला. एका कोपऱ्यावर "भावपूर्ण श्रद्धांजली" बालूमध्ये बघितली. गेलेले गृहस्थ हसरे होते, फोटोही हसरा होता, पण तरीही. विजेच्या डीपीवर "धोका" असल्या अक्षरात लिहिलं तर पोरं हात लावून बघतील. आणि अख्खा परिच्छेद जाड बालूत घालणाऱ्यांना मी हात जोडते. हे अक्षर हाक मारायला आहे. चार शब्द, फार तर एक ओळ. त्याच्याकडून भाषण करवून घेऊ नका. लांब मजकुराला त्याच गटाचा 'मुक्त' आहे, विंडोजबरोबर आलेला र. कृ. जोशींचा 'मंगल' आहे. ती शांतपणे बोलणारी अक्षरं.

अण्णा आता ऐंशीच्या घरात. मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झालीत, त्यामुळं "रंग पुन्हा नवे दिसायला लागले" म्हणून खूश असतात. शेडमध्ये आता नातवाच्या मोटारसायकली असतात. गेल्या दिवाळीला मी गेले तेव्हा एका कामाचा छापील नमुना बरोबर होता. कऱ्हाडच्या एका चिवडेवाल्यांचं पाकीट, वर मोठ्या बालूत "कऱ्हाडचा". अण्णांनी कागद घेतला आणि विचारण्याआधीच उलटा केला.

"कुणी काढलंय?"

"मुंबईची मंडळी आहेत. बरीच जणं मिळून."

"घेतलं किती?"

"काही नाही. सगळ्यांना फुकट ठेवलंय. बदलायलाही परवानगी आहे."

ते बराच वेळ कागद बघत राहिले. "पांढरं राखलंय," म्हणाले. अण्णांच्या तोंडून ही पावती मला स्वतःला दोनदाच मिळालीय. मग कागद सुलटा करून बोट ठेवलं ते 'ऱ्ह'वर. मराठीच्या 'र'ची ही पापणी जाड अक्षरात सगळ्यांनाच नडते. बारीक ठेवावी तर परकी वाटते, जाड करावी तर मिशी होते. अण्णांचं म्हणणं, हे पाकीट दुकानात टांगणार, गिऱ्हाईक लांबून बघणार, तेव्हा पापणी 'ह'पासून थोडी सुटी कर आणि सगळ्या अक्षरांत बोटभर अंतर वाढव.

मी म्हटलं, "अण्णा, हा बोर्ड नाही. माणूस पाकीट हातात घेऊन वाचतो."

"हातात घ्यायच्या आधी बघतंय का न्हाई?"

"बघतो."

"मग? बदलाया परवानगी हाय म्हणालीस न्हवं?"

"आहे."

"मग पेन्सिल दे हिकडं."

त्यांनी कागदावर पापणी पुन्हा काढली. हात थरथरत होता, वळण नव्हतं थरथरत. मी ती रात्री कॉम्प्युटरवर घेतली. अंतराचं मात्र मी ऐकलं नाही. पाकिटं छापून बाजारात गेली आणि "कऱ्हाडचा" माझ्या मापानंच बसलाय. काकूंनी मुद्दाम दुकानातून एक पाकीट आणवलं. अण्णांनी ते दाराच्या खिळ्याला अडकवलं, रस्त्यापलीकडं जाऊन उभे राहिले आणि तिथून मला फोन लावला. अंतर कमीच पडलंय, म्हणाले. मला अजून तसं वाटत नाही.